उंदराची पिल्लं सापडली तर काय करायचं: ऊब आधी, दूध नंतर

दसरा-दिवाळीच्या आधी माळा उपसला, नाहीतर थंडी पडली म्हणून चादरींची गाठोडी सोडली, की सोलापुरात कुणाच्या ना कुणाच्या घरी हे निघतंच. चिंध्या, कागदाचे कपटे, कुरतडलेलं सूत असं सगळं गोळा करून केलेलं घरटं, आणि आत पाच-सहा गुलाबी, बिनकेसाची, डोळे मिटलेली पिल्लं वळवळतायत. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडला ज्यांचे लूम आहेत त्यांना तर वेस्टेजच्या पोत्यात हे नेहमीचंच. मग घरात तीन पार्ट्या पडतात, एक म्हणते टाक बाहेर, पोरं म्हणतात पाळूया, आणि आजी म्हणते बाप्पाचं वाहन आहे रे, मारू नको (हीच आजी परवा पिंजरा आणायला सांगत होती). तुम्ही पोरांच्या पार्टीत असाल तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी, लगेच उचलू नका. आई जिवंत असेल तर तिच्याइतकं भारी काम आपण काहीही केलं तरी करू शकत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकून देते असं सगळे सांगतात, उंदरांच्या बाबतीत ते फारसं खरं नाही, ती परत येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते. घरटं आहे तसं उचलून एका छोट्या खोक्यात ठेवा, खोकं आडवं करून जिथं सापडलं तिथंच किंवा हातभर अंतरावर ठेवा, लाईट बंद, मांजर बाहेर, पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवा आणि दोन-तीन तास तिकडं फिरकू नका. दर दहा मिनिटाला टॉर्च मारून बघणारे असतात ना, त्यांच्यामुळंच आई येत नाही. थंडीचे दिवस असतील तर खोक्याच्या एका बाजूला कोमट पुरचुंडी ठेवा (ती कशी करायची ते खाली आहे). पण घरात औषध टाकलं होतं आणि आई मेलेली दिसली, किंवा पॅडला चिकटलेली मिळाली, तर वाट बघण्यात अर्थ नाही, सरळ कामाला लागा.

आई आली होती का हे कळायची सोपी खूण आहे. चार-पाच दिवसांपर्यंतच्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून दिसतं. पिल्लू पोटावर असताना त्याच्या डाव्या कुशीला, बरगड्यांच्या खाली एक पांढरा पट्टा दिसेल, तेच दूध भरलेलं पोट. पट्टा ठळक असेल तर हल्लीच प्यायलंय, पट्टा दिसतच नसेल आणि कातडी सुरकुतलेली असेल तर बराच वेळ उपाशी आहे. ही खूण नीट डोक्यात ठेवा, पुढं प्रत्येक फीडला हाच तुमचा मीटर आहे.

दुसरं, हे पिल्लू नक्की कुणाचं ते बघा. घरातल्या लहान उंदराचं नवजात पिल्लू सव्वा ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन. त्याच्या चार-पाच पट असेल तर ते मोठ्या उंदराचं, अजून धष्टपुष्ट असेल तर घुशीचं असू शकतं. तोंड लांब सोंडेसारखं टोकदार असेल तर ती चिचुंद्री, ती उंदरातली नाहीच, किडे खाणारा प्राणी आहे आणि खालचं डाएट तिला चालत नाही, तिची पिल्लं आईकडंच जाऊ द्या. थोडी मोठी झालेली चिचुंद्रीची पिल्लं आईच्या मागं एकमेकांना तोंडानं धरून रांगेत चालतात, तशी दिसली तर मध्ये पडूच नका. झाडाखाली पडलेलं, मोठं डोकं आणि पाठीवर पट्ट्यांची पुसट सावली असलेलं पिल्लू बहुतेक खारीचं, त्यासाठी वनविभागाला किंवा गावातल्या प्राणीमित्रांना फोन करा, खार घरात पाळायची नसते.

आता वय. कान डोक्याला चिकटलेले आणि अंग एकदम गुलाबी तर एक-दोन दिवस. कान सुटून उभे राहायला लागले तर तीन ते पाच. कातडी काळपट पडून बारीक लव दिसायला लागली की आठवडा होत आला. दहाव्या दिवसापर्यंत अंगभर केस येतात आणि डोळे उघडतात साधारण १२ ते १४ व्या दिवशी. स्पष्टच सांगतो, पाच दिवसांच्या आतली पिल्लं हातानं वाचवणं लई अवघड आहे, सगळं बरोबर करूनही जातात, पोरांना हे आधीच सांगून ठेवा. आठवड्याच्या पुढची असतील तर चान्स बराच चांगला, आणि डोळे उघडलेलं पिल्लू मिळालं तर निम्मं काम आईनं करून ठेवलंय समजा.

ऊब हा सगळ्यात मोठा विषय आहे, आणि इथंच लोक गडबड करतात. पिल्लू दिसलं की पहिला विचार येतो भूक लागली असेल, आणि गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालतात. गार अंगाच्या पिल्लाला दूध पचतच नाही, ते पोटात तसंच पडून राहतं आणि बहुतेक वेळा तेच पिल्लू मरायचं कारण होतं. म्हणून आधी ऊब. पिल्लू तळहातात घ्या, दुसऱ्या हातानं झाका, अर्धा तास लागला तरी चालेल, अंग आपल्या हाताइतकं कोमट लागून पिल्लू वळवळायला लागलं की मगच पुढचं. ड्रायर, हीटरसमोर धरणं, कडक ऊन, गरम पाणी हे काही नको, झटक्यात तापवलं तर तेही जातं.

खोक्याचं असं करा. चपलांचा खोका किंवा झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, आणि ऊब फक्त अर्ध्या भागाला द्या, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. लाईटचा भरवसा नाही, त्यामुळं मी बल्बपेक्षा पुरचुंडी पसंत करतो. जाड मोज्यात मूठ-दोन मूठ ज्वारी भरा, गाठ मारा, कोरड्या तव्यावर मंद आचेवर फिरवत कोमट करा, आपण शेक घेतो तसंच, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून बघा, चटका बसायला नको. एका कापडात गुंडाळून पिल्लांच्या शेजारी ठेवा, अंगावर नको. दीड-दोन तासांनी परत गरम करावी लागते, तशीही फीडची वेळ झालेलीच असते. पहिल्या आठवड्यात घरट्यात ३२ ते ३४ डिग्री पाहिजे, दुसऱ्या आठवड्यात २८ ते ३० चालतं, आणि अंगभर केस येऊन डोळे उघडले की घरातली साधी हवा पुरते. फिश टँकवाल्याकडं वायरवाला छोटा थर्मामीटर मिळतो, तो खोक्यात टाकून ठेवा.

आता हे सगळं गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीच्या थंडीतलं झालं. एप्रिल-मेमध्ये उलटा प्रॉब्लेम. पारा ४२-४३ ला गेलेला असतो, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त, तिथं पुरचुंडी ठेवली तर पिल्लं भाजून निघतील. तेव्हा खोका घरातल्या सगळ्यात गार खोलीत फरशीवर ठेवा, कूलरच्या झोतात मात्र नको. थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतःच सांगतात, एकमेकांवर चढून गठ्ठा करून बसली आणि अंग फिकट पडलं तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून लालबुंद झाली तर उकडतंय. निवांत एकमेकांना टेकून झोपली असतील तर बरोबर चाललंय.

अंथरूण कशाचं, हे आपल्या गावात मुद्दाम सांगायला पाहिजे. टेरी टॉवेल नको. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आपला हक्काचा माल असला तरी नको, त्याच्या फण्यांमध्ये, म्हणजे ते जे लूप असतात ना त्यात पिल्लाची नखं अडकतात आणि सुटायच्या नादात पाय मोडतो. लूमचं सुटं सूत, कापूस हेही नको, एक धागा पायाला गुंडाळला गेला की तासाभरात पाय सुजून काळा पडतो. जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा साडीचा मऊ तुकडा घ्या, कडेचे दोरे निघालेले असतील तर कापून टाका, वरून टिश्यू पेपरच्या पट्ट्या. चादर वापरायची तर बाहेरून खोक्याला गुंडाळा, ऊब धरून ठेवायला एक नंबर.

पिल्लू कोमट झालं, आता पहिलं फीड, आणि ते दुधाचं नाही. मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट कालवा (चिमूटभर काढून अंदाजानं करू नका, प्रमाण बिघडतं), त्यातलं चमचाभर कोमट करून घ्या, उरलेलं तुम्ही प्या, रात्रभर जागायचंय. पहिली एक-दोन फीड याचीच, मग अर्धं ओआरएस अर्धं दूध, आणि पोट नीट राहिलं तर पूर्ण दूध.

दूध कुठलं? पिशवीतलं गाई-म्हशीचं दूध नको, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही भारी पडतात. मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळाली तर बेस्ट, पेट शॉपमध्ये नसली तर ऑनलाईन येते पण येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. तोपर्यंत शेळीचं दूध. आपल्याकडं उस्मानाबादी शेळ्या घरोघरी, त्यामुळं सोलापूरकरांना हे अवघड नाही, ओळखीच्या शेळीवाल्याकडून कपभर आणा, उकळा, गार करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि लागेल तेवढंच वाटीत काढून वाटी गरम पाण्यात धरून कोमट करा. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. साखर, मध, ग्लुकोज काही घालू नका. आणि वाटीतलं उरलेलं परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण कोण ना कोण ठेवतंच.

पाजायला ड्रॉपर नको, त्याचा एक थेंब पिल्लाच्या अख्ख्या तोंडापेक्षा मोठा असतो. शाळेच्या सामानाच्या दुकानातून शून्य नंबरचा किंवा त्याहून बारीक पेंटिंगचा नवा ब्रश आणा आणि उकळत्या पाण्यात बुडवून घ्या. नाहीतर मेडिकलमधून १ एमएलची सिरिंज आणि २४ नंबरची पिवळी कॅन्युला (सलाईन लावतात ती) घ्या, सुई ओढून काढून टाका आणि फक्त मऊ प्लॅस्टिकची नळी सिरिंजला लावा. नवशिक्यांनी ब्रशच घ्यावा, सिरिंजचा दांडा जरा जोरात दाबला गेला की खेळ खलास.

पिल्लू कापडात गुंडाळा, डोकं बाहेर, पोट खाली, डोकं किंचित वर, आईच्या पोटाखाली असतं तसं. बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. ब्रश दुधात बुडवून टोक ओठाच्या कडेला टेकवा आणि थांबा. पहिल्यांदा पिल्लू तोंड फिरवेल, पायानं ढकलेल, मग एकदा चव लागली की ब्रशचे केस तोंडात धरून ओढायला लागतं, पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीनं पुढं-मागं होतात, आणि मघाशी सांगितलेला तो पांढरा पट्टा तुमच्या डोळ्यासमोर भरत जातो. पट्टा छान भरला की बस. अजून मागतंय म्हणून देऊ नका, जास्त पाजून मेलेली पिल्लं उपाशी मेलेल्यांपेक्षा कमी नसतील.

आकड्यात पाहिजे असेल तर एका फीडला वजनाच्या दर ग्रॅममागं ०.०५ एमएल. सव्वा ग्रॅमचं पिल्लू म्हणजे जेमतेम ०.०६, आठवड्याचं चार ग्रॅमचं असेल तर ०.२. इन्सुलिनची सिरिंज मापाला वापरत असाल तर टोपणाचा रंग बघा, लाल टोपणाच्या यू-४० मध्ये दोन युनिट म्हणजे ०.०५ एमएल, केशरी टोपणाच्या यू-१०० मध्ये तेवढ्यालाच पाच युनिट, इथं गफलत झाली तर अडीचपट फरक पडतो. वजनाला सराफी टाईपचा छोटा डिजिटल काटा ऑनलाईन स्वस्तात मिळतो, रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. वाढत असेल तर बाकी काही बघायची गरज नाही, दोन दिवस तिथंच अडकलं तर दूध पातळ आहे किंवा फीड कमी पडतायत.

वेळ म्हणाल तर पहिला आठवडा दर दोन तासांनी, हो रात्रीसुद्धा, फार तर मध्यरात्री एक गॅप तीन तासांचा चालेल. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, डोळे उघडले की पाच तासांनी. घरात दोघं-तिघं असाल तर शिफ्ट लावा. एकट्यानं नोकरी सांभाळून नवजात पिल्लं वाढवायची हे होत नाही, उगाच हिरोगिरी नको.

पाजताना नाकातून दुधाचा बुडबुडा आला तर लगेच थांबा, डोकं खाली करा, कोरड्या टिश्यूच्या कोपऱ्यानं नाक टिपा आणि श्वास नीट होईपर्यंत काही देऊ नका. नंतर श्वास घेताना टिकटिक असा बारीक आवाज यायला लागला तर फुप्फुसात दूध गेलंय, प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडचे बरेचसे डॉक्टर गाय-म्हैस आणि कुत्री बघणारे, उंदराचं पिल्लू टेबलवर ठेवलं तर हसतीलही, हसू द्या, ग्रॅममध्ये वजन सांगा आणि डोस मागा. आणि तोंडाला, गळ्याला लागलेलं दूध प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसानं पुसून कोरडं करा, वाळून कडक झालं की तिथली कातडी सोलून निघते.

फीड झालं की शी-शू. लोकांना हे माहितच नसतं. डोळे उघडेपर्यंत पिल्लांना स्वतःहून होत नाही, आई चाटते तेव्हा होतं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस किंवा ईअर बड घेऊन पोटाच्या खालच्या भागावर आणि शेपटीच्या मुळाशी अगदी हलका हलका फिरवा, मिनिटभरात पिवळसर थेंब येतो. शी पिवळी आणि मऊ असेल तर ठीक. पातळ पाणी झालं तर एक-दोन फीड फक्त ओआरएस. पोट टम्म फुगून कडक लागलं तर पुढचं फीड टाळा, ऊब वाढवा, बोटानं पोट हलकं चोळा.

स्वच्छतेचं थोडक्यात पण सिरियसली. घरातल्या उंदरांपासून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), साल्मोनेला असे आजार येऊ शकतात, पिसवा तर असतातच. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेला प्लेगची साथ आली होती, तेव्हाची भीती जुन्या लोकांच्या मनात अजून आहे आणि ती वेडी नाही. हातमोजे घाला, आधी-नंतर साबणानं हात धुवा, ओट्यावर हे काम करू नका, ब्रश आणि वाटी वेगळी ठेवा. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर हा उद्योग करूच नका, दुसऱ्या कुणाला द्या. चावलं आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना उंदीर चावल्याचं आवर्जून सांगा.

दोन आठवडे निघाले की मजा सुरू. डोळे उघडलेली पिल्लं लाह्या फुटल्यासारखी उडतात, झाकण उघडलं की एक इकडं एक तिकडं, त्यामुळं आता खोका बदला. जाळीचं झाकण असलेला फिश टँक उत्तम, पोपटाचा पिंजरा नको, त्याच्या दोन गजांमधून हे आरामात निघून जातात. याच वेळी दुधाबरोबर खायला द्यायला लागा. कडक भाकरीचा चुरा शेळीच्या दुधात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा, आधी त्यात लोळतील, मग खातील. उकडलेल्या अंड्याचा कण, भिजवलेली ज्वारी, बाजरी, ओट्स, काकडीचा तुकडा. मालदांडी ज्वारी असेल तर पिल्लांची चैनच, दाणा दोन्ही हातात धरून आधी साल काढतात मग आतलं पीठ खातात, बघत बसावं असं दृश्य आहे बे. शेंगदाणा कच्चा, एखाददुसरा तुकडा चालेल, शेंगाचटणी अजिबात नाही, फरसाण, चॉकलेट, कांदा-लसूण पण नाही. पाणी उघड्या वाटीत ठेवलं तर बुडतात, बॉलवाली बाटली लावा. तीन आठवड्यांनी दूध हळूहळू बंद.

पांढरे उंदीर पाळणाऱ्यांसाठी मध्येच एक गोष्ट. तुमच्या मादीला पिल्लं झाली असतील तर वरचं काहीच करायचं नाही, पहिले चार दिवस घरट्याला हात लावू नका, पाणी आणि अंडं-सोयाबीनसारखं प्रोटीन भरपूर द्या, कारण घाबरलेली किंवा उपाशी-तहानलेली आईच पिल्लं खाते. आणि नर डिलिव्हरीच्या आधीच वेगळा काढा, मादी बाळंत झाल्यावर २४ तासांच्या आत परत गाभण राहू शकते आणि तीन आठवड्यांनी दुसरी खेप तयार. अशी दूध पाजणारी पांढरी मादी ओळखीत कुणाकडं असेल आणि तुमची अनाथ पिल्लं तिच्या पिल्लांएवढीच असतील तर सगळ्यात चांगला मार्ग तोच, तिच्या घरट्यातला कागद पिल्लांना हलका चोळा, तिला जरा बाजूला काढून पिल्लं मधोमध मिसळा आणि लांबून लक्ष ठेवा. फक्त घरातल्या पिल्लांबरोबर पिसवा आणि आजार तिच्या घरी जाऊ शकतात हे मालकाला आधी सांगा.

शेवटचा प्रश्न, मोठी झाल्यावर काय, हा खरं तर पहिल्या दिवशीच ठरवायला पाहिजे. घरातला उंदीर सोडायचा म्हणजे कुणाच्या तरी घरात, गोडाऊनमध्ये नाहीतर ज्वारीच्या शेतात सोडायचा, आणि त्या माणसानं तुमचं काय बिघडवलंय. हातावर वाढलेलं पिल्लू मांजराला घाबरत नाही, चार दिवसही टिकत नाही. म्हणून माझं मत पाळायचं ठरवलं असेल तरच वाढवा. दीड-दोन वर्षांचं आयुष्य असतं, फार मोठी कमिटमेंट नाही, पण वास येतो, रात्रभर खुडबुड चालते, आणि रानटी रक्त असल्यानं पांढऱ्या उंदरासारखं शांत कधी होत नाही. ठेवणार असाल तर नर-मादी ओळखायला शिका. नवव्या-दहाव्या दिवशी पोटावर केस दाट व्हायच्या आधी माद्यांची स्तनाग्रं बारीक ठिपक्यांसारखी दिसतात, तेव्हाच मार्करनं शेपटीवर खूण करून ठेवा, पुसली की परत करा. नंतर शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर बघा, नरात जास्त, मादीत कमी. चार आठवडे झाले की नर एका टँकमध्ये, माद्या दुसऱ्यात, भाऊ-बहीण वगैरे त्यांच्यात काही नसतं, सहाव्या आठवड्यात माद्या गाभण राहतात. नर पुढं आपसात भांडायला लागले, पाठीवर चाव्याच्या खुणा दिसल्या, तर प्रत्येकाला वेगळा डबा करावा लागेल, त्यामुळं जागेचा हिशोब दोन टँकचा न धरता चारचा धरा.